नव्या सहीची नोंद

बँकेच्या काउंटरमागे पूर्वी नमुना सह्यांच्या कार्डांचा ट्रे असायचा. चेक आला की पासिंग करणारा अधिकारी खातेदाराचं कार्ड काढायचा, दोन्ही सह्या शेजारी धरायचा आणि मगच रक्कम लेजरात खर्ची पडायची. खातं साखर कारखान्याचं किंवा एखाद्या पतसंस्थेचं असलं की काम वाढायचं. संस्था तीच, पण चेअरमन बदललेला, आणि नव्या सहीचा चेक समोर. सही खरी असली तरी तो चेक परत जायचा. मग संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत यायची, जुन्या अधिकृत माणसानं नव्या सहीची ओळख पटवायची, जुन्या कार्डावर तारीख घालून आडवी रेघ मारली जायची आणि नवं कार्ड ट्रेमध्ये लागायचं. मी नोकरीला लागले ती याच टेबलावर. पुढे संगणक विभागात बदली झाली आणि एटीएमच्या व्हाइटलिस्टचं काम माझ्याकडे आलं. त्या कामाचा इतिहास मी आवडीनं वाचून काढला, कारण त्यातल्या जवळपास प्रत्येक अडचणीची जात मला आधीपासून माहीत होती.

व्हाइटलिस्टचा नियम सोपा आहे. यादीत असेल तोच प्रोग्रॅम चालेल, बाकीचं काहीही चालणार नाही. अँटिव्हायरस याच्या उलट बाजूनं काम करतो, तो वाइटांची यादी ठेवतो, आणि वाईट प्रोग्रॅम तर रोज नवे निघतात. एटीएमचं तसं नसतं. नोटा मोजायच्या, पावती छापायची, कार्ड वाचायचं आणि बँकेच्या स्विचशी, म्हणजे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेशी, बोलायचं, एवढ्यासाठी लागणारे प्रोग्रॅम ठरलेले असतात. यंत्र बसवलं त्या दिवशी डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणितानं काढलेला ठसा, नोंदवून घ्यायचा आणि कुलूप लावायचं. त्या दिवशी यादी बिनचूक असते. व्हेंडरकडून पहिला पॅच आला की खरं काम सुरू होतं, कारण फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो आणि कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम यंत्राला परका होतो.

यावर तोडगा निघाला तो सहीचा. त्यामागचं गणित १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलं, आणि दुसऱ्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व अ‍ॅडलमन यांनी ते वापरण्याजोगं केलं. प्रोग्रॅमवर सही करायची गरज मात्र इंटरनेटनं निर्माण केली. तोवर सॉफ्टवेअर दुकानातून सीलबंद खोक्यात यायचं. ते तारेवरून यायला लागलं तेव्हा खोकं गेलं, आणि सील कुठं लावायचं हा प्रश्न उभा राहिला. ऑगस्ट १९९६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ३ बरोबर मायक्रोसॉफ्टनं ऑथेंटिकोड आणलं. निर्मात्यानं फाइलचा हॅश काढायचा, तो आपल्या गुप्त किल्लीनं सही करून फाइललाच जोडायचा, आणि सोबत एक सर्टिफिकेट द्यायचं. ती किल्ली अमुक कंपनीचीच आहे अशी तिसऱ्या संस्थेनं त्यात ग्वाही दिलेली असते. अशी ग्वाही देणाऱ्यांत तेव्हा व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी आघाडीवर होती.

ही व्यवस्था नवी कोरी असतानाच फ्रेड मॅक्लेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं तिची कसोटी घेतली. त्यानं एक्स्प्लोडर नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. इंटरनेटवरचं पान उघडलं की तो समोरचा संगणक बंद करून टाकायचा. मॅक्लेननं रीतसर सर्टिफिकेट घेतलं, रीतसर सही केली आणि तो लोकांसमोर ठेवला. नाव त्याचं स्वतःचंच होतं. सहीत खोट नव्हती, सर्टिफिकेटही अस्सल होतं. व्हेरिसाइननं नंतर ते रद्द केलं. प्रोग्रॅम कोणाचा एवढंच सही सांगते, तो काय करणार आहे हे ती सांगू शकत नाही, हे मॅक्लेननं पहिल्याच वर्षात दाखवून दिलं. त्याचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या पंचवीस वर्षांत जे जे घडलं त्यातलं निम्मं त्याच्या त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये दिसत होतं.

उरलेलं निम्मं २००१ मध्ये दिसलं. त्या वर्षी २९ आणि ३० जानेवारीला व्हेरिसाइननं सही करण्यासाठीची दोन सर्टिफिकेटं दिली. दोन्हींवर नाव होतं ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’. मागणारा माणूस मायक्रोसॉफ्टचा नव्हता. त्यानं आपण तिथले कर्मचारी असल्याची बतावणी केली होती आणि ती खपून गेली. मायक्रोसॉफ्टनं २२ मार्चला जाहीर इशारा दिला. व्हेरिसाइननं सर्टिफिकेटं रद्द केली, आपल्या रद्दयादीत घातली, पण त्यांचा उपयोग तेवढ्यानं थांबेना. रद्दयादी कुठं पाहायची याचा पत्ता सर्टिफिकेटाच्या आत लिहावा लागतो, आणि व्हेरिसाइनच्या या सर्टिफिकेटांत तो रकानाच नव्हता. संगणकाला रद्द झाल्याचं कळायला मार्ग नव्हता. शेवटी मायक्रोसॉफ्टला विंडोजसाठी खास अपडेट काढून ही दोन सर्टिफिकेटं नाकारायला शिकवावं लागलं. तोवर वापरणाऱ्यांना सल्ला होता की सहीची खिडकी उघडली तर सर्टिफिकेटाची तारीख बघा. २९ किंवा ३० जानेवारी २००१ असेल तर ते खोटं, कारण त्या दोन दिवशी मायक्रोसॉफ्टला एकही खरं सर्टिफिकेट दिलेलं नाही.

या प्रकरणाजवळ मी नेहमी थांबते. नाव बरोबर, ग्वाही देणारी संस्था बरोबर, गणित बरोबर, आणि तरीही सही चोराच्या हातात. ओळखायची खूण उरली होती ती फक्त तारीख. नमुना सह्यांच्या कार्डावर आम्ही तारीख घालायचो तेव्हा ती मला निव्वळ रीत वाटायची. आता नव्या सर्टिफिकेटाची नोंद करताना मी पहिल्यांदा ते केव्हा दिलं गेलं हे बघते, नाव त्यानंतर.

२००१ मध्येच विंडोज एक्सपी आलं आणि त्यात कार्यालयांना चालू द्यायच्या प्रोग्रॅमांची यादी ठेवायची सोय पहिल्यांदा विंडोजमध्येच मिळाली. ती फारशी कोणी वापरली नाही. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर अ‍ॅपलॉकर आलं, आणि त्यातला निर्मात्याच्या नावाचा नियम लोकांना आवडला. हॅश नोंदवत बसण्याऐवजी एकदाच लिहायचं की अमुक कंपनीनं सही केलेला, अमुक नावाचा, अमुक आवृत्तीचा किंवा त्यापुढचा प्रोग्रॅम चालू दे. पॅच आले तरी यादीला हात लावायला नको. पण अ‍ॅपलॉकर निर्मात्याचं नाव घेतं ते सर्टिफिकेटात छापलेलं जसंच्या तसं. त्यात कंपनीच्या नावापुढे शहर, राज्य आणि देशही असतो. कंपनीनं कार्यालय दुसऱ्या शहरात हलवलं, नवं सर्टिफिकेट घेतलं आणि त्यावर नवा पत्ता आला, की नियम तुटतो. प्रोग्रॅम तोच, माणसं तीच, आणि यंत्र म्हणतं ओळखत नाही.

मेहनत वाचवण्यासाठी विश्वासाची जागा अशी एकेक पायरी वर सरकत गेली. आधी फाइलवर विश्वास होता, मग निर्मात्यावर, मग निर्मात्याला सर्टिफिकेट देणाऱ्यावर. पायरी जितकी वरची तितकी यादी आखूड होते आणि सांभाळायला हलकी जाते, पण तिच्याखालून आत येऊ शकणाऱ्यांची संख्याही तितकीच वाढते. चोरांनी हे नेमकं हेरलं. २०१० च्या जूनमध्ये बेलारूसमधल्या एका अँटिव्हायरस कंपनीला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम सापडला. त्याच्या ड्रायव्हरवर रियलटेक या तैवानी कंपनीची अस्सल सही होती. ते सर्टिफिकेट जुलैत रद्द झालं, आणि लगेच पुढचा ड्रायव्हर सापडला तो जेमायक्रॉनच्या सहीचा. दोन्ही कंपन्यांची कार्यालयं तैवानमधल्या शिंचू इथल्या एकाच विज्ञान उद्यानात होती. २०१२ मध्ये फ्लेम नावाच्या हेरगिरीच्या प्रोग्रॅमनं एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीतला दोष वापरून मायक्रोसॉफ्टच्या साखळीतलंच वाटेल असं सर्टिफिकेट बनवलं. त्याच वर्षी अडोबीच्या आतल्या एका सर्व्हरमध्ये घुसून कोणीतरी दोन घातक प्रोग्रॅमवर अडोबीची सही करून घेतली. अडोबीनं ते सर्टिफिकेट ४ ऑक्टोबर २०१२ ला रद्द केलं, पण १० जुलै २०१२ नंतरच्या सह्यांपुरतं. आधीच्या सह्या शाबूत राहिल्या, कारण प्रत्येक सहीवर वेळेचा शिक्का होता. ज्या खऱ्या प्रोग्रॅमांना झळ पोचली ते अडोबीनं नव्या सर्टिफिकेटानं पुन्हा सही करून दिले, आणि यादी सांभाळणाऱ्यांना जगभर नव्या सहीची नोंद करावी लागली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये जे घडलं ते मला सगळ्यांत बोचतं. बिट९ ही अमेरिकेतली कंपनी व्हाइटलिस्टचंच सॉफ्टवेअर विकायची. तिच्या ग्राहकांच्या यंत्रांवर बिट९ ची सही असलेलं सगळं बिनबोभाट चालायचं. चोर बिट९ च्याच जाळ्यात शिरले, तिची सही करण्याची किल्ली वापरून त्यांनी आपल्या प्रोग्रॅमांवर सही केली आणि ते तीन ग्राहकांकडे पोचले. कंपनीनं कारण जाहीर केलं. आपल्याच काही संगणकांवर त्यांनी आपलंच सॉफ्टवेअर बसवलं नव्हतं. ज्यांचा धंदाच यादी राखण्याचा, त्यांच्या घरात यादीबाहेरची काही यंत्रं राहून गेली होती.

आपल्याकडे हे सगळं एटीएमच्या वाटेनं आलं. भारतातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये एचएसबीसीनं मुंबईत बसवलं. पुढे खेडोपाडी यंत्रं गेली आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्यावर विंडोज एक्सपी होतं. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा आधार काढून घेतला. जगात तेव्हा एटीएम रिकामी करणारे प्रोग्रॅम फिरू लागले होते. मेक्सिकोत २०१३ मध्ये प्लाउटस सापडला, २०१४ मध्ये पूर्व युरोपात ट्युपकिन. ट्युपकिन यंत्रात सीडीवरून घातला जायचा, फक्त रविवारी आणि सोमवारी रात्री आज्ञा घ्यायचा आणि एका वेळी ४० नोटा बाहेर काढायचा. यंत्राला वरून पॅच मिळणार नसतील तर त्याच्यावर परकं काही चालूच न देणं, एवढाच आडोसा उरतो.

रिझर्व्ह बँकेनं २ जून २०१६ च्या सायबर सुरक्षेच्या परिपत्रकात अधिकृत सॉफ्टवेअरची यादी ठेवायला सांगितलं, आणि २१ जून २०१८ ला एटीएमसाठी थेट मुदती घातल्या. बायॉसला पासवर्ड आणि यूएसबी बंद, हे ऑगस्ट २०१८ पर्यंत. स्किमिंगला अटकाव आणि व्हाइटलिस्टिंग, मार्च २०१९ पर्यंत. आधार संपलेली विंडोज टप्प्याटप्प्यानं बदलून जून २०१९ पर्यंत सगळी नवी. या परिपत्रकाची शाई वाळते न वाळते तोच ऑगस्टमध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि २८ देशांतल्या एटीएममधून आणि इतर वाटांनी मिळून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तो हल्ला एटीएमच्या यादीनं अडला नसता, कारण चोरांनी स्विचलाच बगल दिली होती. तरी त्या आठवड्यानंतर बँकांच्या संगणक विभागांत या कामाला मिळणारी वागणूक बदलली. आधी जी फाइल आमच्या टेबलावर पडून राहायची, तिच्याबद्दल महाव्यवस्थापक स्वतः फोन करायला लागले.

मुदतीच्या त्या वर्षात नव्या सह्यांचा जो लोंढा आला त्याची कल्पना परिपत्रक लिहिणाऱ्यांनाही नसावी. एकाच वेळी तीन गोष्टी घडत होत्या. जुनी एक्सपी यंत्रं विंडोज ७ किंवा १० वर जात होती, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर नवा. हॅशची एसएचए-१ ही पद्धत २०१७ मध्ये प्रत्यक्ष फोडून दाखवली गेली होती, आणि २०१९ मध्ये विंडोज ७ चे अपडेट नुसत्या एसएचए-२ च्या सहीनं यायला लागले. आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांचीच मालकी बदलली होती. व्हेरिसाइननं हा धंदा २०१० मध्ये सिमँटेकला विकला, सिमँटेकनं २०१७ मध्ये डिजिसर्टला. व्हेंडरनं सर्टिफिकेटाचं नूतनीकरण केलं की त्याचं नाव तेच राहायचं, पण वरची साखळी दुसऱ्या घराण्याची. विंडोज १० मधल्या नव्या नियंत्रणात निर्मात्याचा नियम लिहिला तर तो दोन गोष्टी बघतो, सही करणाऱ्याचं नाव आणि त्याला सर्टिफिकेट देणारी मधली संस्था. नाव जुळलं आणि मधली संस्था बदलली, तरी नियम लागू होत नाही.

नोटा देणाऱ्या भागाशी बोलणारी एक फाइल अशीच नव्या सहीनं आली आणि काही यंत्रांनी ती नाकारली. पगाराचा आठवडा होता. व्हेंडरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, “मॅडम, फाइल आमचीच आहे. अपडेट मोड उघडा ना पाच मिनिटं, मी टाकतो आणि बंद करतो.” अपडेट मोड म्हणजे कुलूप काढून ठेवणं. त्या वेळात यंत्रावर जे काही येईल ते कायमचं यादीत बसतं, मग ते त्याचं असो नाहीतर दुसऱ्या कोणाचं. मी म्हटलं, “अहो, तुमचीच असेल, पण तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर नव्या सर्टिफिकेटाचा ठसा, कोणाकडून घेतलं ते, आणि कधीपासून कधीपर्यंत, एवढं पाठवा. तुमच्या मेलवरून नको, ज्यांच्याशी आमचा करार झाला त्यांच्याकडून.” त्याला राग आला. शाखांमधूनही फोन आले, लोक रांगेत होते, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. पत्र संध्याकाळी आलं. मी त्यातला ठसा फाइलवरच्या सर्टिफिकेटाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला, एका यंत्रावर आधी चालवलं आणि रात्री बाकीच्यांवर सोडलं.

अशा पत्रानंही सगळं भागत नाही, हे डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या कंपनीच्या प्रकरणानं दाखवलं. तिच्या ओरायन या प्रोग्रॅमच्या अपडेटमध्ये, तो बनत असतानाच, चोरांनी आपला भाग मिसळला होता. त्यावर कंपनीनंच, नेहमीच्याच किल्लीनं सही केली आणि सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत तो पोचला. लेटरहेड मागितलं असतं तर तेही खरंच मिळालं असतं. म्हणून मी कोणत्याही निर्मात्याला सरसकट मोकळीक देत नाही. नियमात फाइलचं नाव आणि किमान आवृत्ती लिहिते, आणि नवी आवृत्ती आली की ती काही दिवस फक्त चाचणीच्या यंत्रावर राहते. ऑडिटला येणारे तरुण अधिकारी कधी कधी विचारतात की इतक्या बारीक नियमांची देखभाल परवडते का. परवडत नाही, माणसं कमी पडतात. तरीही मला दुसरा रस्ता पटलेला नाही.

यापुढे काम वाढणार आहे. सही करायच्या किल्ल्या हार्डवेअरमध्येच ठेवाव्या लागतील असा नियम १ जून २०२३ पासून आला. तो चांगला आहे, किल्ल्यांची चोरी त्यानं अवघड होते. १ मार्च २०२६ पासून सही करण्याच्या सर्टिफिकेटाची मुदत जास्तीत जास्त ४६० दिवस झाली, पूर्वी ती ३९ महिन्यांपर्यंत असायची. मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली सही करून देण्याची सेवा तर तीन दिवसांच्या मुदतीची सर्टिफिकेटं वापरते. तिथे एकेका सर्टिफिकेटाची नोंद ठेवण्याला अर्थच राहत नाही, नाव आणि वरची साखळी यांवरच भिस्त ठेवावी लागते. आणि यंत्र सुरू होतानाच तपासली जाणारी जी यादी मदरबोर्डच्या आत असते, सिक्युअर बूटची, तिच्यातली मायक्रोसॉफ्टची २०११ ची सर्टिफिकेटं जून आणि ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतात. त्यांच्या जागी २०२३ ची यायची आहेत. प्रत्येक यंत्राच्या पोटात ही नवी सर्टिफिकेटं गेली की नाही हे कोणाला तरी एकेक करून बघावं लागतं, आणि जुन्या एटीएमचे मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी त्यासाठी अपडेट दिला नसेल तर त्या यंत्राचं काय करायचं हे लेखी ठरवावं लागतं.

माझ्याकडच्या नोंदवहीत आता प्रत्येक नव्या सहीसाठी हे रकाने आहेत: फाइल, आवृत्ती, सही करणाऱ्याचं नाव सर्टिफिकेटावर आहे तसं, मधली संस्था, दिल्याची तारीख, संपायची तारीख, पत्र कोणाकडून आलं, चाचणी कोणत्या यंत्रावर झाली, जुना नियम कधी काढला. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहतो असं मी इतर बँकांतल्या सहकाऱ्यांकडून ऐकते. नवी नोंद घालायची घाई सगळ्यांना असते, जुनी काढायला कोणी फोन करत नाही. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला मी सध्या तोच रकाना भरायला बसवलं आहे, अगदी पहिल्या पानापासून.